उलटी धरलेली फांदी

वनखात्याच्या कचेरीत पाऊल टाकताच डाव्या हाताच्या भिंतीवर एक चित्र दिसे. काचेच्या चौकटीत पांढराशुभ्र कागद, आणि त्याच्या मधोमध, मूळ आकाराच्या चौपट करून रंगवलेली एकच अळी. हिरवे अंग, मस्तकापासून शेवटापर्यंत ओढलेल्या पाच पांढऱ्या रेघा, तांबूस डोके, पुढे टोकदार पायांच्या तीन जोड्या आणि मागे मांसल पायांच्या पाच. खाली वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘पाइनच्या सुया खाणारी अळी. पूर्ण वाढ.’

एकतीस वर्षे ते चित्र त्याच खिळ्यावर होते. त्याच्या छापील प्रती प्रत्येक वनचौकीत गेल्या होत्या. सूचिपर्णी वृक्षांची राखण करणाऱ्या तीन पिढ्या त्या चित्रावरून अळी ओळखायला शिकल्या, आणि ज्यांनी ते काढले त्यांना सारे खाते ‘रंगारीबुवा’ म्हणू लागले. हे नाव प्रथम थट्टेने पडले. पुढे त्यात आदर मिसळला आणि थट्टा केव्हा विरून गेली ते कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

बुवांना आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष होते. डोळ्यांच्या पडद्याला असा काही विकार जडला होता की ज्या वस्तूकडे ते नजर लावत, तीच नाहीशी होई. कडेचे मात्र सारे धूसर दिसत राही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. मुलगा जाऊन सहा वर्षे झाली होती. घरात ते आणि त्यांची सून, एवढीच दोन माणसे. सून त्याच खात्यात झाडांवरची कीड तपासणारी परीक्षक होती. ही विद्या तिला बुवांनीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्या चित्राची प्रत समोर ठेवून शिकवली होती. पाय मोजायला आधी शिक, असे ते सांगत. मांसल पायांच्या पाच जोड्या असतील तर पतंगाची अळी. सहा किंवा अधिक असतील तर ती करवतमाशीची, आणि तिचे औषध निराळे. एक जोडी मोजायची राहिली तर सारी फवारणी वाया जाते. सुनेने ते धडे डोळ्यांत तेल घालून गिरवले होते.

त्या सोमवारी ती दुपारीच घरी आली. एका हातात पाइनची हातभर फांदी होती आणि दुसऱ्या हातात खात्याचा लांबट लिफाफा. फांदी तिने पाण्याच्या बरणीत उभी केली, खाली जुने वर्तमानपत्र पसरले आणि खुर्चीत बसली.

“काय आलंय त्यात?” बुवांनी विचारले.

“तुम्हाला कसं कळलं काही आलंय ते?”

“कागद दोनदा उघडलास आणि दोनदा घातलास. ऐकू येतं अजून मला, सूनबाई.”

तिने वाचून दाखवले. कारणे दाखवा नोटीस होती. रुग्णालयाच्या मागच्या टेकडीवरचे चारशे पाइन दोन वर्षांत करपत आले होते. दोन्ही उन्हाळ्यांत परीक्षकबाईंनी प्रत्येक दहाव्या झाडाची फांदी तपासून ‘दिसलेल्या अळ्या’ या रकान्यात शून्य लिहिले होते. ते शून्य खरे असेल तर रोग मुळांचा ठरतो, आणि मुळांचा रोग पसरू नये म्हणून सबंध टेकडीवरची झाडे तोडावी लागतात. खोटे असेल तर परीक्षकबाईंनी फांद्या न तपासताच नोंदी केल्या. गुरुवारी सकाळी अकरा वाजता संचालकांसमोर सुनावणी. खुलासा समाधानकारक न वाटल्यास परीक्षकपदावरून दूर करण्यात येईल.

“मी तपासल्या, मामंजी. एकूण एक फांदी तपासली. आजही ही कापून आणलीय. सुया कुरतडलेल्या आहेत, पण कुरतडणारा दिसत नाही. बघा ना.” आणि मग लगेच, “म्हणजे... बघा म्हणजे...”

“असू दे,” बुवा म्हणाले. “तू तोंड धुऊन ये. जरा पड.”

ती आत गेली. बुवा टेबलाशी बसून राहिले. खिडकीतून तिसऱ्या प्रहराचे ऊन येत होते. रस्त्यावरून एक गाडी गेली; मग सारे शांत झाले. त्या शांततेत, घड्याळाच्या टिकटिकीशी न जुळणारा असा, अगदी बारीक, थांबून थांबून होणारा एक आवाज त्यांच्या कानी आला. कोरड्या कागदावर मोहरीचा एखादा दाणा पडावा, तसा. टप्. पुन्हा बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्.

बुवांनी वर्तमानपत्रावरून हात फिरवला. बोटांच्या टोकांना कण लागले. एक कण त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून हळूहळू फिरवला. त्याला कंगोरे होते. ती विष्ठा होती. जिवंत, खात्या अळीची, ताजी. फांदीवर एकच अळी असती तर एवढे कण पडले नसते. फांदीवर वस्ती होती.

त्यांनी सुनेला हाक मारली नाही. हात तसाच कागदावर ठेवून ते बसले. ज्या गोष्टीला त्यांनी एकतीस वर्षे मनाच्या तळाशी बसवून ठेवले होते, ती आता हलकेच वर येऊ लागली होती, आणि आता ती पुन्हा खाली दडपता येणार नाही हे त्यांना कळून चुकले.

तेव्हा खात्यावर थोरले साहेब होते. त्यांनी चित्र सांगितले, आणि बुवा नऊ दिवस त्याच टेकडीवर झाडाखाली बसले. पहिले तीन दिवस त्यांनाही काही दिसले नाही. चौथ्या दिवशी एक सुई हलली आणि ती सुई नव्हती. मग एकामागून एक सात दिसल्या. अळीची पाठ गडद, पोट फिकट; ऊन वरून पडते तेव्हा पाठ उजळते, पोट सावलीत जाते, आणि दोन्ही मिळून अंगाची गोलाईच पुसली जाते. पांढऱ्या रेघा म्हणजे सुयांच्या मधून डोकावणारा उजेड. तांबूस डोके म्हणजे कोंबाचे टोक. निर्मात्याने कुठे एक कुंचला अधिक मारला नव्हता, कुठे एक उणा ठेवला नव्हता. बुवांनी हात जोडले होते, आणि मगच रंग कालवले होते. जशी दिसली तशी, म्हणजे जवळजवळ न दिसणारी, सात अळ्यांची ती फांदी त्यांनी जाड हातकागदावर उतरवली.

थोरल्या साहेबांनी चित्र हातात घेतले, दूर धरले, जवळ धरले. “बुवा, फांदी सुरेखच आहे. अळी कुठाय?”

“आहेत साहेब. सात आहेत.”

“अहो, आपल्याला लोकांना अळी शिकवायचीय, लपंडाव नाही खेळायचा. एकच काढा, मोठी काढा, आणि पांढऱ्यावर काढा.”

तसा कागद सहजी मिळत नसे. बुवांनी तोच कागद उलटा केला आणि पाठीमागे पांढऱ्यावर एक मोठी अळी काढली. प्रत्येक रेघ उठून दिसेल अशी काढली. फांद्या उतरवणारा एक पोरगेला गडी, ज्याला सगळे ‘खार’ म्हणत, तो चित्र पाहून म्हणाला होता, “ही बाई अशी चव्हाट्यावर बसलेली भेटली, तर मी आधी तिची चौकशी करीन, बरं वाटत नाही का म्हणून!” सारी कचेरी हसली. बुवाही हसले. पुढे मानपत्र मिळाले, आणि खारीचे ते वाक्य त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.

सून तोंड पुसत बाहेर आली तेव्हा बुवा म्हणाले, “फांदी बरणीतून काढ. खिडकीपाशी उजेडात धर. आता उलटी कर.”

“उलटी?”

“झाडावर जी बाजू आभाळाकडे होती ती जमिनीकडे कर. आणि काही शोधू नकोस. नुसती धरून उभी राहा.”

तिने तसे केले. थोडा वेळ गेला. फिकट पोटांवर थेट ऊन पडले होते, आणि सुयांच्या रांगेत, जिथे क्षणापूर्वी काही नव्हते, तिथे फुगीर, उजळ अंगे एकेक करून वर आली होती.

“अगं बाई,” ती पुटपुटली. “एक... ही दुसरी... मामंजी, ह्या किती आहेत!” भिंग आणायलाही ती हलली नाही. “पाच जोड्या. पतंगाचीच. अकरा... बारा आहेत. आणि आता वळायला लागल्यात हो, पाठ वर करायला.”

“वळणारच. त्यांना त्यांचं काम येतं.”

तिच्या आवाजात आनंद होता. पण तो फार टिकला नाही. फांदी तिने बरणीत ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसली. “टेकडी वाचेल. मुळं धड आहेत, सुया परत फुटतील. पण मग मी दोन वर्षं काय केलं? समोर असून मला दिसल्या नाहीत. एवढं तुम्ही शिकवलंत, आणि माझी नजरच कच्ची.”

इथे बोलायला हवे होते. शब्द बुवांच्या ओठांपर्यंत आले. “चहा टाक,” ते म्हणाले.

मंगळवारी आणि बुधवारी तिने खुलासा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. बुधवारी सायंकाळी तिने तो वाचून दाखवला. ‘सदर अळ्या झाडांवर असून माझ्या दृष्टिदोषामुळे व अननुभवामुळे नजरेस आल्या नाहीत. संदर्भचित्र सुस्पष्ट असताना झालेली ही चूक सर्वस्वी माझी आहे.’

“संदर्भचित्र सुस्पष्ट,” बुवा म्हणाले.

“हो. त्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून मुद्दाम लिहिलं. नाहीतर म्हणतील, सासऱ्याच्या चित्रावर ढकलतेय.”

ज्या मुलीने त्यांच्या मुलाच्या मागे हे घर धरून ठेवले, तिने आता त्यांचे नावही आपल्या अंगावर घेतले होते, आणि आपण काय घेत आहोत हे तिला ठाऊक नव्हते.

“उद्या मी येतो तुझ्याबरोबर,” ते म्हणाले.

“तुम्ही कशाला? जिने आहेत तिथे.”

“जन्मभर चढलोय ते जिने.”

गुरुवारी दारातच खार भेटला. आता तोही पन्नाशीला आला होता, पण फांद्या अजून तोच उतरवत असे. साक्षीसाठी त्याला बोलावले होते.

“अरे वा, रंगारीबुवा! म्हटलं, आज कचेरीत उजेड का पडलाय.”

“माझा नसेल तो, बाबा. माझ्याकडचा संपत आलाय.”

“माझंही झाड चढून झालं की गुडघे सांगतात, मालक, आता आम्हाला इथेच ठेवून जा.” मग तो सुनेकडे वळला आणि त्याचा स्वर उतरला. “वहिनी, मी सांगणार आहे. टोपीवर मोहरीसारखं काहीतरी पडतं म्हणून मी तुम्हाला बोललो होतो, ते सांगणार आहे.”

“आणि मी म्हटलं होतं, रकाना ‘दिसलेल्या’ अळ्यांचा आहे,” ती म्हणाली. “तेही सांगा.”

संचालकबाई नेमक्या आणि कोरड्या स्वभावाच्या होत्या. टेबलावर फांदीची बरणी, नोंदवही आणि खुलासा होता. बाजूला लेखनिक टिपण घेत होता. बुवांना पाहून त्या अर्ध्या उठल्या. “बसा ना. पण तुम्हाला आजचं बोलावणं नव्हतं, बुवा.”

“नव्हतं. तरी पाच मिनिटं द्या. बाहेरच्या भिंतीवरचं चित्र आत मागवा.”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि लेखनिकाला खूण केली. त्याने आणि खारीने चौकट आणून टेबलावर ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन उरला असणार, असे बुवांच्या मनात आले.

“मागची फळी काढा. कागद उलटा करा.”

चार खिळे उपटायला वेळ लागला. कागद उलटला तेव्हा एकतीस वर्षांत उन्हाचा किरणही न लागलेले रंग त्या खोलीत उघडे पडले. सून पुढे झाली आणि जागच्या जागी थांबली.

“पाइनची फांदी आहे,” संचालकबाई म्हणाल्या. “सुंदर आहे. पण ह्याचं काय?”

“तिच्यावर किती अळ्या आहेत?”

बाईंनी चष्मा नीट केला. त्या वाकल्या. चांगली दोन मिनिटे वाकून राहिल्या. “एकही नाही.”

“ह्या खोलीत तुमच्याएवढं शिकलेलं कोणी नाही,” बुवा म्हणाले. “आणि तुम्ही अळी शिकलात ती दुसऱ्या बाजूवरून. सूनबाई, तू मोज.”

तिने बोट कागदाला न लावता वरून फिरवले. “एक. ही दोन. ही कोंबाशी, तीन.” सोमवारपासून त्या अळ्यांबरोबर राहिलेले तिचे डोळे आता सवयीने चालत होते. “चार. पाच. इथे सहा.” मग ती थांबली. पुन्हा वरपासून पाहिले. “सहा.”

बुवा टेबलाशी आले. कागद त्यांना दिसत नव्हता. जिथे ते पाहत तिथे करडे धुके होते. त्यांनी डाव्या हाताने कागदाची कड चाचपली, कडेपासून चार बोटे मोजली, आणि उजवी तर्जनी खालच्या झुबक्यावर टेकवली. “ही सातवी. हिने मला दोन दिवस फसवलं होतं.”

बाई पुन्हा वाकल्या. “अरेच्चा,” त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांचे पद क्षणभर गळून पडले.

मग बुवांनी सारे सांगितले. कोणता कागद आधी रंगला आणि कोणता नंतर, थोरले साहेब काय म्हणाले, खार काय म्हणाला. फक्त एका ठिकाणी ते थांबले. “साहेबांनी सांगितलं म्हणून मी काढलं, हे खरं. पण साहेबांनी ती अळी झाडावर पाहिली नव्हती. मी पाहिली होती. जिचा सारा जन्म लपण्यात जातो, तिला मी उघडी करून दाखवली, आणि माणसं झाडावर तशीच उघडी शोधत राहिली. ह्या मुलीची नजर कच्ची नाही. तिने जे शोधायला मी शिकवलं, तेच ती शोधत होती. तसलं झाडावर नसतंच. तिने शून्य लिहिलं ते खरं लिहिलं.”

खार खाली मान घालून टोपी फिरवत होता. “मी गमतीने बोललो होतो, बुवा.”

“तूच काय तो खरं बोललास रे.”

संचालकबाईंनी बरणीतली फांदी उचलली. सुनेने सांगितले तशी त्यांनी ती खिडकीपाशी उलटी धरली, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी खुलाशाचा कागद सुनेपुढे सरकवला. “हा परत न्या. दुसरा लिहा. दृष्टिदोष वगैरे काढून टाका. नोटीस मी मागे घेते. तोड आजच थांबवते, फवारणीचं तुम्ही बघा.” मग त्या बुवांकडे वळल्या. “पण बुवा, मला लिहावं लागेल की चित्र सदोष आहे. सगळ्या चौक्यांतून प्रती परत मागवाव्या लागतील. तुमचं नाव आहे खाली त्यावर.”

“लिहा,” बुवा म्हणाले. “नावासकट लिहा.”

लेखनिकाने चौकट पुन्हा बसवली, फांदीची बाजू वर ठेवून. “बुवा, पेन्सिलीने बारीक बाण काढू का? लोकांना कळेल तरी.”

“नको,” सून म्हणाली. त्या खोलीत ती बुवांच्या आधी बोलली, अशी ही पहिलीच वेळ होती.

परतताना दोघे टेकडीच्या वाटेने आले. झाडांचे शेंडे तपकिरी झाले होते. काही तर आता हिरवे होणारच नव्हते, हे वासावरून बुवांना कळत होते. सून दोन पावले पुढे चालत होती, आणि नेहमीप्रमाणे तिने कोपर पुढे केले नव्हते.

“सोमवारीच माहीत होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तीन दिवस स्वतःला दूषणं देत होते. तुम्ही समोर बसून ऐकत होतात.”

“हो.”

“चहा टाक म्हणालात.”

वाट चढणीची होती. मुळांच्या एका गाठीला त्यांची काठी अडली आणि ते थांबले. सुनेची पावलेही पुढे थांबली. ती लगेच परत आली नाही. झाडाखाली दोघे काही अंतर राखून उभे राहिले. वारा पडला होता. त्या स्तब्धतेत चोहीकडून, वाळल्या सुयांवर, बुवांच्या खांद्यांवर, अगदी बारीक असे काही पडत होते.

“ऐकू येतंय?” थोड्या वेळाने तिने विचारले.

“येतंय.”

तिने पिशवीतून नोंदवही काढली. पाने उलटल्याचा आवाज आला. मग ती परत आली, त्यांच्या डाव्या हाताशी उभी राहिली आणि कोपर पुढे केले. “धरा. मला दोन्ही हात लागणार आहेत, तेव्हा घट्ट धरा,” ती म्हणाली, आणि हाताशी आलेली खालची फांदी वाकवून तिने ती हळूच उलटी केली.